महामारीत वर्ग बंद होतात तेव्हा विद्यापीठ निर्णय कसा घेते, आणि तो आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत वेळेत का पोहोचत नाही?

कोरोनाच्या दोन वर्षांत नागपुरातील विहारांच्या अभ्यासिकांमध्ये आणि वस्त्यांमधल्या चौकांत मुलामुलींच्या तोंडी एकच प्रश्न होता : "कॉलेज सुरू होणार की नाही? पेपर ऑनलाइन की ऑफलाइन?" प्रश्न साधा आहे, पण उत्तरावर बरेच काही अवलंबून असते. देवरी किंवा लाखांदूरच्या विद्यार्थ्याने नागपुरात रूम धरायची की सोडायची, खानावळीचे पैसे भरायचे की थांबायचे, घरी धानाच्या कामाला हात लावायचा की पुस्तक घेऊन बसायचे, हे सगळे त्या एका नोटिशीवर ठरते. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला नोटीस आठ दिवस उशिरा कळली तरी फारसे बिघडत नाही. ज्याची आई धुणीभांडी करते, त्याचे मात्र एका महिन्याचे भाडे, कधी कधी पूर्ण वर्ष, वाया जाते.

म्हणून हा विषय फक्त प्राध्यापक आणि कुलगुरूंचा नाही. विद्यापीठाची ही व्यवस्था कशी चालते, निर्णय कोण घेतो, तो कुठे अडतो आणि आपण कुठे हात घालू शकतो, हे आपल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. महामारी गेली म्हणून प्रश्न संपलेला नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले, त्या दिवशीही शाळा-महाविद्यालयांबाबत हाच प्रश्न उभा राहिला होता. मे महिन्यातल्या उन्हात परीक्षा असतात तेव्हाही तो असतोच.

निर्णय नेमका कोण घेतो?

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. विद्यापीठाचे स्वतःचे पदव्युत्तर विभाग नागपुरात आहेत, पण बहुसंख्य विद्यार्थी शिकतात ते शेकडो संलग्नित महाविद्यालयांत. त्यामुळे "विद्यापीठाने निर्णय घेतला" असे आपण म्हणतो तेव्हा त्यामागे एक लांबलचक साखळी असते.

सर्वात वर केंद्र सरकार. महामारीत आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ लागू असल्याने शैक्षणिक संस्था उघडायच्या की नाहीत याची चौकट केंद्रीय गृह मंत्रालय ठरवत होते. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी. परीक्षा कशा घ्यायच्या, सत्र कधी सुरू करायचे, यासंबंधी मार्गदर्शक सूचना यूजीसी काढते. मग राज्याचा उच्च व तंत्रशिक्षण विभाग. त्याखाली जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त, कारण आपल्या शहरात साथ किती आहे हे पाहून बंदी घालण्याचा अधिकार त्यांना असतो. यानंतर विद्यापीठ येते. आणि शेवटी महाविद्यालयाचे प्राचार्य, जे वेळापत्रक लावतात.

विद्यापीठाच्या आतही टप्पे आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे शिक्षणाचे प्रश्न विद्या परिषदेकडे, परीक्षेचे प्रश्न परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे आणि कारभार व पैशाचे प्रश्न व्यवस्थापन परिषदेकडे जातात. संकट आले की या सगळ्यांच्या बैठका घ्यायला वेळ नसतो. म्हणून कलम १२ (७) खाली कुलगुरूंना तातडीने निर्णय घेण्याचा अधिकार दिलेला आहे. नंतर तो निर्णय संबंधित मंडळापुढे ठेवावा लागतो. म्हणजेच "आमच्या हातात काहीच नव्हते" हे विद्यापीठाचे उत्तर अर्धेच खरे असते. वर्ग उघडण्याची परवानगी वरून येते, पण वर्ग बंद असताना शिकवायचे कसे, हजेरी कशी धरायची, कोणाला काय आणि कधी कळवायचे, हे विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयाच्याच हातात असते.

२०२० चा उन्हाळा : चार तारखा आणि एक न्यायनिवाडा

नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण मार्च २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात आढळला. लगेच राज्याने साथरोग कायदा लागू केला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. उन्हाळी परीक्षा अडकल्या. पुढे काय घडले ते तारखांनिशी पाहू.

२९ एप्रिल २०२० : यूजीसीच्या पहिल्या सूचना. अंतिम वर्षाच्या परीक्षा जुलैमध्ये घ्याव्यात. इतर वर्षांच्या विद्यार्थ्यांना, परिस्थिती सुधारली नाही तर, अंतर्गत मूल्यमापन आणि मागील सत्राची कामगिरी यांवरून गुण देता येतील.

१९ जून २०२० : राज्य सरकारचा निर्णय. अंतिम वर्षाची परीक्षा ऐच्छिक. ज्यांना द्यायची नाही त्यांना आधीच्या सत्रांच्या सरासरीवरून पदवी.

६ जुलै २०२० : यूजीसीच्या सुधारित सूचना. अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घ्याव्याच लागतील, ऑनलाइन, ऑफलाइन किंवा मिश्र पद्धतीने.

२८ ऑगस्ट २०२० : सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. न्या. अशोक भूषण, न्या. आर. सुभाष रेड्डी आणि न्या. एम. आर. शाह यांच्या खंडपीठाने सांगितले की राज्याचे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण साथीमुळे परीक्षा पुढे ढकलू शकते, पण परीक्षा न घेता अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करू शकत नाही. तारीख वाढवून हवी असेल तर यूजीसीकडे मागावी.

१९ जून ते २८ ऑगस्ट म्हणजे ७० दिवस. या ७० दिवसांत बी.ए. अंतिमच्या आपल्या विद्यार्थ्याला पेपर आहे की नाही हेच ठाऊक नव्हते. पुस्तके हॉस्टेलवर राहिलेली, एसटी आणि रेल्वे बंद, आणि घरी टीव्हीवर रोज वेगळी बातमी. शेवटी नागपूर विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑक्टोबरमध्ये मोबाइल अॅपवर, बहुपर्यायी प्रश्नांच्या स्वरूपात झाल्या. लॉगिन होत नाही, पेपर सबमिट होत नाही, अशा तक्रारी तेव्हा वर्तमानपत्रांत भरभरून आल्या.

निकाल बरोबर की चूक, हा आजचा मुद्दा नाही. मुद्दा असा की वरच्या पातळीवर वाद चालू असताना विद्यापीठ एक गोष्ट नक्की करू शकले असते : "अंतिम निर्णय झालेला नाही. परीक्षा झाली तर या पद्धतीने होईल, एवढा अभ्यासक्रम असेल, आणि निर्णयानंतर किमान इतके दिवस तयारीला मिळतील." अनिश्चित काळातही निश्चित सांगण्यासारखे असे काही असतेच.

उघडणे-बंद होणे : २०२१ आणि २०२२

दुसऱ्या वर्षी झोके आणखी जोरात बसले. राज्याने १५ फेब्रुवारी २०२१ पासून ५० टक्के उपस्थितीत महाविद्यालये सुरू करण्यास मुभा दिली. लगेच आठवडाभरात, २२ फेब्रुवारीला, नागपुरात रुग्ण वाढल्यामुळे शाळा-महाविद्यालये ७ मार्चपर्यंत बंद ठेवण्याचे जाहीर झाले. त्यानंतर १५ ते २१ मार्च शहरात कडक टाळेबंदी. पुढे दुसऱ्या लाटेत नागपूरने काय भोगले ते आपण विसरलेलो नाही. २० ऑक्टोबर २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालये उघडली. जानेवारी २०२२ च्या सुरुवातीला ओमायक्रॉनमुळे १५ फेब्रुवारीपर्यंत ती पुन्हा बंद झाली, आणि नंतर साथ ओसरताच १ फेब्रुवारीपासूनच उघडली.

ही ये-जा साथीमुळे होती, त्याला कोणाचा इलाज नव्हता. पण गावाहून येणाऱ्या मुलीच्या बाजूने हिशेब करून पाहा. फेब्रुवारीत वर्ग उघडणार म्हणून तिने रूम धरली, एक महिन्याचे भाडे आणि तेवढेच डिपॉझिट भरले. आठवडाभरात वर्ग बंद. घरमालक पैसे परत देत नाही. वडील म्हणतात, आता राहू दे शिक्षण. मुलींच्या बाबतीत हे "राहू दे" फार लवकर येते, आणि त्यानंतर लग्नाची बोलणी सुरू होतात.

इतरांनी काय केले?

जगभरातील विद्यापीठांपुढे हाच पेच होता. १० मार्च २०२० रोजी हार्वर्ड विद्यापीठाने विद्यार्थ्यांना पाच दिवसांत वसतिगृहे सोडायला सांगितली. ज्यांच्याकडे जायला घर नाही किंवा विमानाचे तिकीट काढायला पैसे नाहीत, त्यांची तिथेही तारांबळ उडाली. म्हणजे श्रीमंत विद्यापीठ असले तरी घाईच्या नोटिशीचा मार गरिबावरच पडतो.

याउलट अमेरिकेतील कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने १२ मे २०२० लाच जाहीर केले की आपल्या २३ कॅम्पसमध्ये पुढचे सत्र प्रामुख्याने ऑनलाइन असेल. इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठानेही मे महिन्यातच सांगून टाकले की मोठी व्याख्याने २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत ऑनलाइन राहतील. आपल्याच राज्यात आयआयटी मुंबईने जून २०२० मध्ये पुढचे सत्र पूर्ण ऑनलाइन घेण्याचे ठरवले आणि त्याच घोषणेत गरजू विद्यार्थ्यांना लॅपटॉप व इंटरनेट देण्यासाठी माजी विद्यार्थ्यांकडे आणि समाजाकडे मदत मागितली.

आयआयटीची तुलना नागपूर विद्यापीठाशी करता येणार नाही, हे मान्य. तिथे विद्यार्थी मोजके, पैसा जास्त, आणि शेकडो संलग्नित महाविद्यालयांचा भार नाही. पण दोन गोष्टी पैशाविना शिकता येतात. पहिली, निर्णय लवकर आणि पूर्ण सत्रापुरता घेणे, म्हणजे कोणी विनाकारण रूम धरणार नाही. दुसरी, निर्णय सांगतानाच "ज्याच्याकडे साधन नाही त्याचे काय" याचे उत्तर देणे.

साधनाचा हिशेब

ऑनलाइन शिक्षण म्हणजे सर्वांना समान शिक्षण, असा गैरसमज तेव्हा खूप पसरवला गेला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशात ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के आणि शहरी भागातील सुमारे ४२ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती. संगणक असलेली ग्रामीण कुटुंबे ५ टक्क्यांहूनही कमी. महामारी आली तेव्हा आपण या ठिकाणी उभे होतो.

आता साधे गणित करू. एका तासाच्या व्हिडिओ तासिकेला अंदाजे अर्धा जीबी डेटा लागतो, कधी त्याहून जास्त. रोज चार तासिका म्हणजे दोन जीबी. बहुतेक मुलांच्या मोबाइलमध्ये रोजचा दीड जीबीचा पॅक. चौथ्या तासिकेआधीच नेट संपते. घरात दोन भावंडे आणि मोबाइल एक असेल तर दोन तासिकाच पदरात पडतात. याउलट त्याच तासिकेचे फक्त आवाजाचे रेकॉर्डिंग साधारण ३० एमबीत बसते, आणि टाइप केलेल्या दहा पानांच्या नोट्स त्याहून कितीतरी कमी जागेत. म्हणजे व्हिडिओच्या एका तासाच्या डेटात आवाजाचे पंधरा तास मावतात.

यावरून नियोजनाचा पहिला धडा मिळतो : शिकवण्याची पद्धत सर्वात कमी साधन असलेल्या विद्यार्थ्याकडे पाहून ठरवायची. समाजशास्त्र, इतिहास, मराठी अशा विषयांना आवाज आणि नोट्स पुरतात. चर्चेसाठी आठवड्यातून एखादी थेट तासिका पुरे. विज्ञानाची प्रात्यक्षिके, समाजकार्याचे क्षेत्रकार्य यांना मात्र प्रत्यक्ष येणे लागते. वर्ग अंशतः उघडले की पहिली जागा या विद्यार्थ्यांना मिळायला हवी. सगळ्यांना सरसकट ५० टक्के बोलावण्यात अर्थ नाही.

शिष्यवृत्ती आणि हजेरी

आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक गाठ आणखी घट्ट आहे. भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरून मिळते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांना भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मदत मिळते. नागपूरसारख्या शहरासाठी ती वर्षाला ६०,००० रुपये ठरलेली होती. या योजनांना हजेरीची अट असते, साधारणपणे ७५ टक्के. वर्ग ऑनलाइन झाले की प्रश्न येतो : हजेरी कशी धरायची? नेट नसल्याने लिंकवर न आलेला विद्यार्थी गैरहजर का? नोट्स वाचून स्वाध्याय देणारा हजर का? शहरात वर्ग नाहीत म्हणून गावी गेलेल्याचे निवासाचे पैसे थांबणार का?

याची उत्तरे विद्यापीठाने आणि समाज कल्याण विभागाने लेखी, एकत्र आणि सत्राच्या सुरुवातीलाच द्यायला हवीत. तोंडी सांगितलेले खिडकीवरच्या कारकुनापुढे टिकत नाही. "सर म्हणाले होते" या वाक्यावर कोणाचीही शिष्यवृत्ती मंजूर झालेली नाही.

शुल्काचेही तसेच. २४ सप्टेंबर २०२० च्या सूचनेत यूजीसीने स्पष्ट म्हटले होते की ३० नोव्हेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत द्यावे, आणि ३१ डिसेंबरपर्यंत रद्द केल्यास एक हजार रुपयांपेक्षा जास्त कापू नये. टाळेबंदीत रोजगार गेलेल्या पालकांसाठी ही मोठी सवलत होती. पण ती इंग्रजी परिपत्रकात, यूजीसीच्या संकेतस्थळावर होती. आमच्या वस्तीतील किती पालकांच्या कानावर ती वेळेत गेली असेल?

चांगली नोटीस कशी असते?

नोटीस वाचूनही कळत नाही, ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार. मुले मोबाइलवर दाखवतात त्या अनेक नोटिशींत विषय असतो, संदर्भ क्रमांक असतो, सही असते, पण आपण उद्या काय करायचे ते नसते. त्यातच व्हॉट्सअॅपवर फिरणारे जुने पत्र नवे म्हणून वाचले जाते. माझ्या मते महामारीतील प्रत्येक शैक्षणिक नोटिशीत या सहा गोष्टी हव्यात.

१. कधीपासून कधीपर्यंत लागू. "पुढील आदेशापर्यंत" एवढेच लिहिणे पुरेसे नाही.
२. कोणाला लागू. कोणता अभ्यासक्रम, कोणते वर्ष, नियमित की एटीकेटीचे विद्यार्थी.
३. काय बदलले आणि काय बदलले नाही. परीक्षा अर्जाची तारीख तीच आहे का, हेही सांगावे.
४. पुढचा आढावा केव्हा. निर्णय झाला नसेल तर निर्णयाची तारीख तरी द्यावी.
५. ज्याला हे शक्य नाही त्याने काय करावे. मोबाइल नाही, घरी रुग्ण आहे, स्वतः दिव्यांग आहे, तर पर्याय काय.
६. कोणाशी बोलायचे. पद, वेळ आणि उचलला जाणारा फोन.

हे सर्व सोप्या मराठीत, एका पानावर. आणि संकेतस्थळासोबत महाविद्यालयाच्या फलकावर, एसएमएसने, तसेच ग्रामपंचायत आणि वस्तीतील अभ्यासिकांपर्यंत.

आपण काय करू शकतो?

पहिले, माहितीचा अधिकार वापरा. "महामारी किंवा आपत्तीच्या काळातील अध्यापन, हजेरी व परीक्षेसंबंधी विद्यापीठाची मंजूर योजना आहे काय? असल्यास प्रत द्यावी" एवढाच अर्ज करा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, न मिळाल्यास पहिले अपील करता येते.

दुसरे, अधिसभेकडे लक्ष द्या. विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा सदस्य निवडून येतात आणि त्यात राखीव जागाही असतात. आपल्यातील किती पदवीधरांनी मतदार म्हणून नोंदणी केली आहे? बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, ती शिक्षणाची सत्ता आपल्याही हाती असावी म्हणून. दीक्षाभूमीवरील आंबेडकर महाविद्यालयही आपल्याच समाजाच्या प्रयत्नांतून उभे आहे. अधिसभेत प्रश्न विचारणारा माणूस पाठवणे हे त्याच कामाचा भाग आहे.

तिसरे, विहारातील अभ्यासिकेला माहिती केंद्र बनवा. एका फलकावर विद्यापीठाची ताजी नोटीस लावायची, वर तारीख ठळक लिहायची, जुनी झाली की काढायची. एका मुलाने आणि एका मुलीने ही जबाबदारी घ्यावी. व्हॉट्सअॅपवर आलेले पत्र संकेतस्थळावर तपासल्याशिवाय पुढे पाठवायचे नाही, हा नियम ठेवा. शक्य असेल तिथे वायफाय, एखादा संगणक आणि नोट्सच्या छापील प्रती ठेवा. याला लागतो तो थोडा पैसा आणि पुष्कळ नियमितपणा.

चौथे, गळलेल्यांची यादी करा. आपल्या वस्तीतून २०२० ते २०२२ या काळात पदवीचे शिक्षण कोणी सोडले, कोणत्या वर्षाला, कशामुळे? यातले काही जण आजही परत येऊ शकतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारखे पर्याय आहेत. काहींचे एक-दोन पेपरच राहिले असतील. आकडा हातात असला की कुलगुरूंच्या दालनातही बोलता येते. नुसती हळहळ घेऊन गेलो तर चहा पाजून परत पाठवतात.

साथ पुढे कधी येईल ते सांगता येत नाही. पण ती आली की पहिल्या आठवड्यात विद्यापीठाची नोटीस निघेल हे नक्की. ती कोणाला डोळ्यासमोर ठेवून लिहिली जाईल, हे आपण आज किती प्रश्न विचारतो यावर ठरणार आहे. या महिन्यात प्रत्येक वस्तीतून माहिती अधिकाराचा निदान एक अर्ज जाऊ द्या.

जय भीम!